रोजच्या मेकअपसाठी न्यूट्रल आयशॅडो पॅलेट: घेण्याआधी आणि घेतल्यावर पडणारे प्रश्न

पॅलेट हातात आल्यावर सगळ्यात आधी काय बघायचं?

मॅट, म्हणजे चमक नसलेल्या छटा. शिमरकडे, म्हणजे चमकदार छटांकडे, नजर आपसूक जातेच, तिला आमंत्रण लागत नाही. पण चांगला शिमर बनवणं तुलनेनं सोपं असतं. चकचकीत कण आणि जोडीला पुरेसं सिलिकोन असलं की बोटाला मऊ लागतं, आणि कडा नीट मिसळली नसली तरी चमकेत ते खपून जातं. मॅटला अशी सवलत नाही. रंगद्रव्य, पूड आणि त्यांना बांधून ठेवणारा घटक यांचं प्रमाण जरा बिघडलं की रंग डागाडागांनी बसतो, ब्लेंड करायला गेलं की उडूनच जातो, नाहीतर ब्रशला लागतच नाही.

शिवाय रोजच्या मेकअपमधलं मुख्य काम मॅटच करतात. पापणीचा रंग एकसारखा करणं, घडीत थोडी खोली आणणं, पापण्यांच्या केसांलगत गडद रेघ ओढणं ही सगळी कामं दोन-तीन मॅट तपकिरी छटांवर भागतात. शिमर नसला तरी रोजचा मेकअप अडत नाही. मधली तपकिरी मॅट छटा धड नसेल तर मात्र अख्खं पॅलेट कपाटात पडून राहतं.

दुकानात बोटानं हातावर ओढून बघितलं तर पुरेल का?

नाही. बोटाची ऊब, त्यावरचं तेल आणि दाब यांमुळे जवळजवळ कुठलीही आयशॅडो पहिल्या फटक्यात झकास दिसते. घरी तुम्ही ती ब्रशनं लावणार आहात, आणि ब्रश इतका दाब देत नाही. टेस्टर असेल तर स्वच्छ मऊ ब्रश मागा आणि हाताच्या आतल्या बाजूला, काहीही न लावलेल्या कोरड्या त्वचेवर एकदाच हलका हात फिरवा. मग त्याच ब्रशनं त्या रंगाची एक कड गोल गोल घासत विरवून बघा. चांगली छटा कडेला फिकट होत जाते आणि मध्ये टिकते. वाईट छटा मधूनच निघून जाते आणि कडेला रेघ उरते. एवढ्या एका गोष्टीवरून जितकं कळतं तितकं हातावर दहा पट्टे ओढून कळत नाही.

दुकानातल्या दिव्यांवर विसंबू नका. पिवळट दिव्याखाली प्रत्येक तपकिरी रंग उबदार दिसतो. शक्य असेल तर दाराशी येऊन दिवसाच्या उजेडात बघा. आणि टेस्टर डोळ्यांना लावायचा नाही. त्यात किती जणांची बोटं बुडाली असतील ते आपल्याला माहीत नसतं.

ऑनलाइन घ्यायचं असेल तर फोटोंवरून काय कळतं?

कंपनीच्या फोटोंवरून रंगाचं घराणं-गोत्र कळतं, दर्जा कळत नाही. तिथले पट्टे बहुधा प्रायमरवर (रंग धरून ठेवायला आधी लावतात तो थर), भरपूर थर देऊन ओढलेले असतात. उपयोगाचे फोटो तीन प्रकारचे: तुमच्या त्वचेच्या जवळपास जाणाऱ्या रंगावर काढलेले, ब्रशनं लावलेले, आणि डोळा उघडा असताना टिपलेले. बंद डोळ्याचा फोटो दिसायला छानच असतो, पण लोक आपल्याला बघतात तेव्हा आपले डोळे उघडे असतात.

रिव्ह्यू वाचताना ‘पिगमेंटेड आहे’ या कौतुकावर फार जाऊ नका. रोजच्या वापराच्या छटेत रंग ठासून भरलेला असणं हा गुण असेलच असं नाही. सकाळी घाईत, अर्धवट झोपेत हात जरा जड पडला तरी निभावून नेईल अशी, थराथरानं चढणारी छटा जास्त कामाची. गडद चॉकलेटी किंवा काळपट छटा मात्र पहिल्याच हाताला उठायला हवी, कारण ती आपण रेघेपुरतीच वापरतो.

घरी आणल्यावर नीट चाचणी कशी घ्यायची?

एका डोळ्याला प्रायमर लावा, दुसऱ्याला काहीच लावू नका. दोन्ही डोळ्यांवर त्याच तीन छटा लावा: फिकट, मधली, गडद. प्रायमरवर बहुतेक आयशॅडो बरी वागते, त्यामुळे पॅलेटचा खरा स्वभाव उघड्या, म्हणजे प्रायमर न लावलेल्या पापणीवर दिसतो. उलट प्रायमरच्या डोळ्यावर कळतं की थोडी मदत मिळाली तर हेच पॅलेट कुठवर जाऊ शकतं.

लावताना चार गोष्टींकडे लक्ष ठेवा. ब्रश टेकवल्यावर पॅनमध्ये किती पूड उधळते? गालावर किती सांडते, म्हणजे फॉलआउट किती? या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. मऊ दाबलेली छटा पॅनमध्ये उधळते, पण ब्रश झटकून घेतला तर गालावर काहीच पडत नाही, आणि अशा छटा पुष्कळदा सुरेख ब्लेंड होतात. म्हणून डबीत उडालेल्या पुडीवरून लगेच गुण कापू नका. गालावर पडलेली मोजा. तिसरं, दुसरा थर पहिल्यावर बसतो की पहिल्याला उचलतो? चौथं, दोन छटा एकमेकींत मिसळल्यावर मधला रंग स्वच्छ राहतो की गढूळ होतो? तीन वेगवेगळे तपकिरी लावून शेवटी पापणीवर एकच चिखलकट रंग उरत असेल, तर डब्यात किती कप्पे आहेत याला अर्थ राहत नाही.

मग नेहमीचा दिवस घालवा. मुद्दाम जपू नका, मुद्दाम छळूही नका. दुपारी एकदा आणि संध्याकाळी चेहरा धुण्याआधी एकदा, खिडकीपाशी उभं राहून आरशात बघा. रंग फिका पडला, घडीत गोळा झाला, की खाली उतरला? थोडा एकसारखा फिका पडला तर मी ते चालवून घेते. घडीत रेघ जमणं किंवा डोळ्याखाली काळसर सांडणं मात्र रोजच्या पॅलेटमध्ये मला मान्य नाही, कारण त्यासाठी दिवसभर आरसा शोधत फिरावं लागतं.

किती छटांचं पॅलेट घ्यावं?

कप्पे मोजू नका, तुमच्या पापणीवर वेगळ्या ओळखू येणाऱ्या छटा मोजा. बारा कप्प्यांच्या पॅलेटमध्ये पुष्कळदा सहाच रंग असतात आणि बाकीचे त्यांचे जुळे. डबीत ‘बदामी’ आणि ‘बिस्किटी’ शेजारी शेजारी वेगळे वाटतात, लावल्यावर घरच्यांना सोडाच, स्वतःलाही फरक सांगता येत नाही.

हे तपासायची एक सोपी युक्ती आहे. सगळ्या छटांचे पट्टे हातावर ओढा, दिवसाच्या उजेडात फोटो काढा आणि तो फोनमध्ये कृष्णधवल करा. रंग निघून गेला की फक्त फिकट-गडदपणा उरतो. रोजच्या डोळ्याला आकार येतो तो याच फरकामुळे. फोटोत तीन स्पष्ट पायऱ्या दिसल्या (त्वचेच्या जवळची, तिच्याहून थोडी गडद आणि चांगली गडद) तर पॅलेटचा पाया पक्का आहे. सगळं एकाच करड्या पट्ट्यात विरघळलं तर रंगांची नावं कितीही मोहक असोत, डोळा सपाटच दिसणार.

न्यूट्रल पॅलेटची मोठी लाट आली ती अर्बन डिके या अमेरिकी ब्रँडच्या ‘नेकेड’ पॅलेटपासून. ते २०१० साली आलं, त्यात १२ छटा होत्या आणि २०१८ मध्ये ते बंद झालं. गंमत अशी की त्यात शिमरचाच भरणा होता, मॅट मोजक्याच. नंतरच्या अनेक पॅलेटनी तोच नमुना गिरवला. त्यामुळे आजही ‘रोजच्यासाठी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यात निम्म्याहून जास्त चमक सापडते. माझा कल चार ते सहा छटांच्या पॅलेटकडे आहे, त्यातल्या निदान तीन मॅट. नऊच्या पुढे गेलं की रोज वापरायचे तेच चार कप्पे झिजतात आणि बाकीचे शोभेला राहतात.

फिकट छटा माझ्या पापणीवर राखाडी किंवा पांढुरक्या दिसतात. असं का?

बहुतेक वेळा टायटॅनियम डायऑक्साइडमुळे. हे पांढरं, अपारदर्शक रंगद्रव्य आहे. तपकिरी रंग फिका करायचा म्हणून ते भरपूर घातलं की गव्हाळ किंवा सावळ्या त्वचेवर एक पांढुरका पापुद्रा दिसायला लागतो. गोऱ्या त्वचेवर हीच छटा बेमालूम मिसळते, म्हणून बनवणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही. पॅलेट ‘सगळ्यांसाठी’ म्हणून विकलं जात असेल तर फिकट छटांच्या बाबतीत या दाव्याकडे संशयानं बघा.

काय शोधायचं? भुवईखालच्या हाडासाठीची छटा तुमच्या त्वचेच्याच रंगाची किंवा जेमतेम एक पायरी उजळ असावी. घडीत लावायची मधली छटा त्वचेपेक्षा एक-दोन पायऱ्या गडद असावी. गोऱ्या त्वचेला फिकट मातकट पुरतो, गव्हाळला तांबूस तपकिरी लागतो आणि गडद त्वचेला जी छटा पॅलेटमध्ये ‘सर्वात गडद’ म्हणून बसवलेली असते तीच बऱ्याचदा मधली ठरते. मग त्याहून गडद असं काही उरतच नाही. गडद त्वचा असेल तर म्हणूनच पॅलेट डावीकडून नाही, उजवीकडून वाचा. शेवटच्या दोन छटा पुरेशा खोल आहेत का, ते आधी.

वॉर्म (लाल-पिवळ्याकडे झुकणारं) घेऊ की कूल (राखाडीकडे झुकणारं)? मनगटाच्या शिरा बघून ठरवतात ना?

शिरांचा रंग त्वचेची जाडी, उजेड आणि शिरेची खोली यांवरही अवलंबून असतो, त्यामुळे ती कसोटी मला फारशी भरवशाची वाटत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे आयशॅडो मनगटावर लावायची नसते. पापणीचा रंग चेहऱ्यापेक्षा वेगळा असतो. अनेकांची पापणी गालापेक्षा गडद असते, कुणाची तांबूस, कुणाची निळसर-जांभळट. आयशॅडो त्या रंगावर बसते.

तपकिरी छटांमागचं गणित तसं साधं आहे. जवळजवळ सगळ्या छटा लोहाच्या तीन ऑक्साइडांतून बनतात: लाल, पिवळा आणि काळा. पांढरेपणासाठी टायटॅनियम डायऑक्साइड. लाल वाढवला की विटकरी, पिवळा वाढवला की मोहरीकडे झुकणारा, काळा आणि पांढरा वाढवला की मातकट-राखाडी. २०१६ मध्ये अॅनास्टेशिया बेव्हर्ली हिल्सचं ‘मॉडर्न रेनेसाँ’ पॅलेट आलं, त्यानंतर विटकरी आणि गुलाबी-तपकिरी छटांचा पूर आला. या छटा सुंदर असतात, पण पापणी मुळातच तांबूस असेल किंवा डोळे थकलेले असतील तर त्याच छटा रडून आल्यासारखा भास देतात. उलट अगदी राखाडी मातकट रंग निळसर पापणीवर आजारी दिसतो.

म्हणून नियम सांगायचाच तर एवढाच: पापणी लालसर असेल तर मातकट, निळसर-काळसर असेल तर थोडा तांबूस. दोन्ही बाजूंच्या छटा असलेलं पॅलेट मिळालं तर उत्तम. डोळ्याच्या बुबुळाच्या रंगानुसार छटा निवडायचे तक्ते सगळीकडे फिरत असतात, ते रोजच्या तपकिरी रंगांपुरते सरळ बाजूला ठेवा.

दुपारपर्यंत छटा गडद किंवा नारिंगी होते. ऑक्सिडाइज होते का?

लोहाचं ऑक्साइड हे मुळात ऑक्सिडाइज झालेलंच असतं, आणि उजेड-हवेपुढे ते फार स्थिर राहतं. घडतं ते वेगळंच. कोरड्या पुडीच्या कणांमध्ये हवा असते, त्यामुळे उजेड विखुरतो आणि रंग फिका दिसतो. पापणीचं तेल त्या फटींत शिरलं की विखुरणं कमी होतं आणि रंग खोल दिसतो, जशी कोरडी माती भिजली की गडद दिसते. फिका असताना न जाणवलेला लाल-पिवळा झाकही तेव्हा वर येतो. उपाय म्हणून लावण्याआधी पापणी पुसून कोरडी करा, प्रायमरचा अगदी पातळ थर द्या आणि छटा निवडतानाच एक पायरी फिकट आणि थोडी मातकट घ्या.

घडीत गोळा होते म्हणजे पॅलेट वाईट का?

नेहमीच नाही. पापणीवर आय क्रीम, त्यावर कन्सीलरचा जाड थर, त्यावर आयशॅडो असा ढीग केला तर कुठलीही आयशॅडो घडीत जमेल. आधी क्रीम मुरू द्या, कन्सीलर बोटानं टिपून पातळ करा आणि पुन्हा बघा. तरीही उघड्या पापणीवर नि प्रायमरवर दोन्हीकडे गोळा होत असेल तर दोष पॅलेटचा. खूप मलईदार शिमर यात जास्त सापडतात.

घटकांची यादी वाचून काही कळतं का?

थोडं कळतं. यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं असते, मात्र १ टक्क्याहून कमी असलेले घटक कंपनीला कुठल्याही क्रमानं लिहिता येतात. त्यामुळे यादीच्या शेवटी मिरवणारे तेल-अर्क नावापुरते असू शकतात. सुरुवातीला बहुधा टाल्क, अभ्रक किंवा सिलिका दिसेल, हा झाला भराव. मॅग्नेशियम किंवा झिंक स्टिअरेट पुडीला बांधून ठेवतं आणि त्वचेला चिकटायला मदत करतं. डायमेथिकोन हे सिलिकोन घसरडेपणा देतं. बोरॉन नायट्राइड असलं तर स्पर्श रेशमी लागतो.

अधिक-उणेच्या खुणेनंतर रंगद्रव्यांची यादी येते. ही अख्ख्या पॅलेटची सामाईक यादी असते, त्यातलं प्रत्येक द्रव्य प्रत्येक छटेत असतंच असं नाही. सीआय म्हणजे कलर इंडेक्स, रंगद्रव्याचा ठरलेला क्रमांक. सीआय ७७४९१, ७७४९२ आणि ७७४९९ हे अनुक्रमे लाल, पिवळा आणि काळा लोह ऑक्साइड. सीआय ७७८९१ म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड. सीआय ७५४७० दिसला तर तो कार्माइन, कोचिनील नावाच्या किड्यांपासून मिळणारा लाल रंग. तो गुलाबी आणि मरून झाक असलेल्या छटांत येतो. शाकाहारी किंवा व्हीगन म्हणून वापरणाऱ्यांनी हा क्रमांक लक्षात ठेवावा. कार्माइनची अॅलर्जी असणारे लोकही आहेत, म्हणून अमेरिकेत २०११ पासून त्याचं नाव वेष्टनावर लिहिणं सक्तीचं आहे.

यादीवरून छटा ब्लेंड कशी होईल ते मात्र कळत नाही. तेच घटक घेऊन एक कंपनी लोण्यासारखी छटा दाबते आणि दुसरी दगड बनवते.

‘हायपोअॅलर्जेनिक’ लिहिलं असेल तर निर्धास्त राहावं का?

या शब्दाला अमेरिकेत कायदेशीर व्याख्या नाही. कंपनी तो स्वतःच्या जबाबदारीवर छापते. ‘नेत्रतज्ज्ञांनी तपासलेले’ हेही वाचून पुढे जा.

टाल्क आणि अभ्रकाबद्दल बरंच उलटसुलट ऐकलंय. टाळावं का?

टाल्कची काळजी मुख्यतः भेसळीची आहे. टाल्क आणि अॅस्बेस्टॉस ही खनिजं (यातलं दुसरं कॅन्सरला कारण ठरू शकतं) जमिनीत एकमेकांच्या आसपास सापडू शकतात, त्यामुळे खाण नीट निवडलेली आणि माल तपासलेला असावा लागतो. २०१९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं केलेल्या तपासणीत काही मेकअप उत्पादनांत अॅस्बेस्टॉस आढळला होता. टाल्क नको असेल तर टाल्कविरहित पॅलेट सहज मिळतात. त्यांचा स्पर्श कधी थोडा कोरडा असतो, कधी फरकही जाणवत नाही. उत्पादन कुणी बनवलंय हे धड कळत नसेल तर टाल्क असो-नसो, डोळ्यापाशी नेऊ नका.

अभ्रकाचा प्रश्न आरोग्यापेक्षा माणुसकीचा आहे. झारखंड-बिहार आणि मादागास्कर इथल्या अभ्रकाच्या कामात लहान मुलं राबतात, हे वारंवार पुढे आलेलं आहे. २०१७ मध्ये या साखळीवर काम करण्यासाठी ‘रिस्पॉन्सिबल मायका इनिशिएटिव्ह’ सुरू झाला, त्यात काही सौंदर्यप्रसाधन कंपन्याही आहेत. दुसरा मार्ग प्रयोगशाळेत बनवलेल्या अभ्रकाचा. यादीत ‘सिंथेटिक फ्लुओरफ्लोगोपाइट’ दिसलं तर ते हे. चमक जास्त स्वच्छ असते, त्यामुळे शिमरच्या बाबतीत तडजोडही करावी लागत नाही.

डोळे लवकर चुरचुरतात. लेन्सही लावते. काय सांभाळायचं?

पापणीची त्वचा शरीरात सगळ्यात पातळ, त्यामुळे जे गालाला चालतं ते तिथे चालेलच असं नाही. नवीन छटा कोपराच्या आतल्या बाजूला आठवडाभर दिवसातून दोनदा लावून बघा. एका दिवसाची चाचणी अपुरी पडते, कारण अॅलर्जीची प्रतिक्रिया उशिरा उमटू शकते. सुवास घातलेलं पॅलेट नकोच. डबी उघडल्यावर चॉकलेटचा वास येणं ही गंमत असेल, डोळ्यांना तिचा काही फायदा नाही.

लेन्स आधी लावायची, मेकअप नंतर. संध्याकाळी लेन्स आधी काढायची, मग मेकअप. ग्लिटरचे मोठे कण लेन्सखाली गेले तर बुबुळाला खरचटू शकतं, म्हणून सॅटिनवर, म्हणजे बारीक कणांच्या मंद चमकेवर, थांबा. आयशॅडो पापणीच्या केसांच्या बाहेरच्या बाजूलाच ठेवा, पापणीच्या आतल्या ओल्या कडेवर नाही. डोळे आले असतील तर बरे होईपर्यंत काहीच लावू नका, आणि त्या दरम्यान वापरलेलं डोळ्यांचं प्रसाधन ठेवून देऊ नका. पापणी सुजली, सोलवटली किंवा लाली उतरेना, तर पॅलेट बदलत बसण्याऐवजी डॉक्टरांना दाखवा.

चष्मा असेल तर निवड बदलते का?

थोडी. उणे नंबरच्या भिंगातून डोळे लहान दिसतात, म्हणून फिकट-मधल्या छटा आणि वरच्या पापणीलगत स्पष्ट रेघ शोभते. अधिक नंबरचं भिंग डोळे मोठे करतं आणि सोबत प्रत्येक डाग, सांडलेला प्रत्येक कणही मोठा करतं. तिथे नीट विरणाऱ्या मॅट छटांचं मोल जास्त.

वय वाढल्यावर शिमर सोडून द्यायचा का?

अजिबात नाही. सुरकुत्या उठून दिसतात त्या मोठ्या चमकदार कणांमुळे. बारीक कणांची सॅटिन छटा पापणीच्या मध्यभागी सुंदर दिसते, आणि अगदी कोरडी मॅट छटा सुरकुतलेल्या पापणीवर शिमरपेक्षाही वाईट दिसू शकते. पॅन उजेडात तिरका धरा. वेगवेगळे ठिपके चमकताना दिसले तर कण मोठे. सगळा पृष्ठभाग एकसंध झळकला तर बारीक.

स्वस्त-महाग कसं ठरवायचं?

किंमत भागिले ग्रॅम हा पहिला हिशोब. वेष्टनावर निव्वळ वजन असतं, आणि डबा मोठा असला म्हणून माल जास्त असतो असं नाही. पण त्याहून खरा हिशोब म्हणजे किंमत भागिले तुम्ही नक्की वापराल त्या छटा. बारापैकी तीनच वापरणार असाल तर ‘स्वस्तात बारा’ हा सौदा तितका स्वस्त राहत नाही. एका वेळेला लागते ती पूड इतकी नगण्य असते की बहुतेक लोकांचा एकही पॅन तळाला लागत नाही, त्यामुळे जास्त ग्रॅमसाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही. महाग पॅलेटमध्ये पैशाचा एक वाटा डबा, आरसा आणि लोहचुंबकाच्या झाकणाला जातो. आरसा मोठा नि सपाट असेल आणि प्रवासात तोच वापरणार असाल, तर ठीक.

वरचा थर कडक होऊन रंगच निघेनासा झालाय.

बोटावरचं किंवा ब्रशवरचं तेल पुडीत उतरून वर एक चिवट पापुद्रा बसतो. चिकटपट्टी हलकेच दाबून उचला, किंवा स्वच्छ कोरड्या दातघासणीनं वरचा थर खरवडा. खालची छटा जशीच्या तशी असते. पुन्हा होऊ नये म्हणून बोटं मॅटमध्ये घालू नका आणि ब्रश आठवड्यातून एकदा धुवा, पूर्ण वाळल्याशिवाय वापरू नका.

पॅन फुटला तर?

तुकडे तिथेच बारीक करा, आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थोडे थेंब घाला, मळून सपाट करा, वर कागद ठेवून दाबा आणि पूर्ण सुकू द्या. मॅट छटा जवळपास पहिल्यासारखी होते. शिमर थोडा कडक होतो, त्याला बोटानं लावा. डोळ्यांची तक्रार असणाऱ्यांनी हा उद्योग टाळावा.

किती काळ वापरता येते?

डब्यामागे उघड्या बरणीचं चित्र असतं, त्यात १२ एम किंवा २४ एम लिहिलेलं असतं. म्हणजे उघडल्यापासून तितके महिने. पुडीत पाणी नसल्यामुळे जंतू सहज वाढत नाहीत, म्हणून ती मस्काऱ्यापेक्षा खूप जास्त टिकते. पण ओला ब्रश पॅनमध्ये बुडवायची सवय असेल तर हा फायदा गेला. शिमर ओला करून लावायचाच असेल तर आधी कोरड्या ब्रशवर छटा घ्या, मग ब्रशवर पाणी फवारा. वास बदलला, पृष्ठभागावर ठिपके आले किंवा पोत तेलकट झाला तर महिने मोजत बसू नका.

ब्रश किती लागतात?

दोन. एक मऊ, फुललेला, घडीसाठी आणि विरवण्यासाठी. दुसरा लहान, चपटा, गडद रेघेसाठी. शिमरला बोट. डब्यात मिळणारी स्पंजची काडी प्रवासापुरती ठेवा.

आधीच दोन तपकिरी पॅलेट आहेत. हे तिसरं घेऊ का?

आहेत त्यांचे पट्टे हातावर ओढा आणि नव्याचा फोटो शेजारी धरा. नव्यातली कुठली छटा तुमच्याकडे नाही, ते बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. बहुतेकदा उत्तर एक किंवा दोन छटांवर येतं. तसं असेल तर सुटी छटा घ्या. २६ मिलिमीटरचा गोल पॅन बराच प्रचलित आहे आणि तो रिकाम्या चुंबकी डब्यात बसतो. जुन्या पॅलेटमधली जी मधली तपकिरी संपत आली असेल, तिच्यासारखी एक आणि जी कधीच नव्हती ती एक, एवढं त्यात भरा.